भोकाला ठोकळा

ठेकेदार विश्वासराव मोहोडांनी ओढ्यावर सरकारी पूल बांधला. नियम असा, की स्लॅब टाकताना त्यातलंच काँक्रीट साच्यात भरून ठोकळे करायचे आणि ते प्रयोगशाळेत मशीनखाली दाबून बघायचे. मोहोडांचे ठोकळे असे निघाले की मशीन दमलं. पूल मात्र नखानं खरवडला तरी वाळू सांडत होता.

नव्या अभियंता रोहिणी ढवळे म्हणाल्या, "मी स्लॅबचाच तुकडा कापून तपासणार."

मोहोड थेट मोठ्या साहेबांना पुलावर घेऊन आले. मिरवायला एक ठोकळाही आणला होता.

"साहेब, नियमाप्रमाणे ठोकळे पास झालेत. आता मॅडम चांगल्या पुलाला भोक पाडायला निघाल्यात. पूल कमजोर झाला तर जबाबदार कोण?"

साहेबांनीही मान डोलावली.

रोहिणीबाईंनी शांतपणे विचारलं, "ठोकळ्यात आणि पुलात माल एकच ना?"

"एकाच घाण्यातला. आईची शपथ."

"मग काळजी कसली? ठोकळ्याएवढाच तुकडा कापते आणि त्या भोकात तुमचा हा ठोकळा बसवते. माल एकच आहे, तर पुलाला फरक कळणारही नाही."

साहेब हसले. "बरोबर आहे. मोहोड, कटर मागवा."

मोहोडांनी कपाळावरचा घाम पुसला. "राहू द्या साहेब. स्लॅब मी फोडून परत टाकतो."

या वेळी साचे रोहिणीबाईंनी स्वतः उभं राहून भरून घेतले. आता त्या पुलावरून उसाच्या भरल्या ट्रॉल्या जातात. मोहोडांचा तो ठोकळा पलीकडच्या चहाच्या टपरीवर आहे. टपरीवाला त्यावर रोज आलं ठेचतो, पण अजून टवकाही उडालेला नाही.