शिदोरी सोडण्याची जागा

एकदा एक म्हातारा पूल अख्ख्या शहराला घोर लावून बसला. दगडी होता, पाच कमानींचा. घरातल्या आजाऱ्याभोवती नातलग बसतात तशी त्याच्याभोवती चर्चा बसली होती. डागडुजी करावी, पाडून नवा बांधावा, की नुसता पाडून मोकळे व्हावे?

नगरपालिकेने शेवटी निर्णय तात्यांवर सोपवला. तात्या म्हणजे पूल बांधता बांधता केस पांढरे झालेले स्थापत्यकार. गुडघ्यांमुळे त्यांना आता कमानींखाली फिरणे होत नसे, म्हणून त्यांनी आपला शिष्य शशिधर याला परीक्षणाला पाठवले. या विद्येत दगड हातोडीने ठोकून ऐकतात. निरोगी दगड खणखणतो, आतून सुटलेला बद्द वाजतो. शशिधरचा कान तयार होता, त्यात शंका नाही.

पण पुलावर जाण्याआधी सिमेंटच्या एका व्यापाऱ्याने त्याला चहाला बोलावले होते. "जुन्या दगडांत कशाला डोकं घालता, साहेब?" व्यापारी म्हणाला होता. "नवा पूल बांधा. कोनशिलेवर तुमचं नाव लागेल." तरुण माणसाला असले बोलणे गोड लागते. खरे सांगायचे तर तुम्हा-आम्हालाही लागले असते.

परीक्षण आटोपून शशिधर परतला. "तात्या, सगळाच पूल धोक्याचा आहे. ताबडतोब बंद करून पाडायला हवा. अहवाल तयार आहे. तुमची सही झाली की उद्या सभेत वाचतो."

तात्यांनी अहवाल वाचला. सही मात्र केली नाही.

"सभा उद्या संध्याकाळी आहे ना? मग दुपारी शिदोरी घेऊन नदीवर ये. आपण पुलाखाली जेवू. जागा तू बघ."

शशिधर मनात चरफडला. सभा तोंडावर आलेली आणि यांना वनभोजन सुचते आहे. पण गुरूंना नाही कसे म्हणणार?

दुसऱ्या दिवशी दोघे नदीत उतरले. अलीकडच्या पहिल्याच कमानीखाली करंजाची दाट सावली होती, हात धुवायला पाणी जवळ होते. शशिधर तिथे थांबला नाही. तात्यांचा हात धरून, दगडगोट्यांतून वाट काढत, त्याने त्यांना मधल्या कमानीखाली आणले आणि फडके अंथरले. डोक्यावरून भरलेला ट्रक गेला. भाकरीवर थोडी धूळ पडली. ती झटकून शशिधरने पुढचा घास घेतला. तात्या जेवून जरा आडवे झाले.

एवढ्यात पलीकडच्या रंगाऱ्यांच्या वस्तीतली एक बाई पाण्याच्या कडेने आली. शशिधरला तिने पूल ठोकताना पाहिले होते.

"दादा, पूल बंद होणार म्हणतात, खरं का? सुनेचे दिवस भरत आलेत माझ्या. दवाखाना ह्या अंगाला. आज तपासायला आणायचीय तिला. आणू का पुलावरनं?"

"आणा की, मावशी," शशिधर घास चावतच म्हणाला. "फक्त ह्या बाजूच्या शेवटच्या कमानीवर तिला रिक्षातून उतरवा आणि चालत आणा. बाकीच्या पुलाला काही होत नाही. तुमची नातवंडं म्हातारी होतील ह्याच्यावरून जाऊन-येऊन."

बाई समाधानाने गेली. शशिधरने मान वळवली, तर तात्या जागेच होते.

"आत्ता मावशीला जे सांगितलंस, ते अहवालात कुठं आहे?"

शशिधरची नजर पहिल्या कमानीकडे गेली.

"पहिल्या कमानीखाली सावली होती, पाणी होतं. माझे गुडघे तुला माहीत आहेत. तरी मला इथवर चालवलंस, कारण ती कमान बद्द वाजते हे तू ऐकलं आहेस. ही खणखणते हेही ऐकलं आहेस, म्हणून हिच्याखाली पोटभर जेवलास. जागा निवडताना तुला आपल्या जिवाची काळजी होती, तेव्हा परीक्षण अगदी चोख झालं. अहवाल लिहिताना काळजी दुसऱ्या कशाची तरी होती. कशाची, ते मी विचारत नाही."

ते न विचारणेच शशिधरला लागले. तात्या रागावले असते तर परवडले असते. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आपण आपल्या नावासाठी एका अवघडलेल्या पोरीला नदीपलीकडे अडकवून ठेवणार होतो, हे त्याला तिथे बसल्याबसल्या स्पष्ट दिसले. हातातला घास तोंडात जाईना.

संध्याकाळी सभेत तो उठला तेव्हा व्यापाऱ्याने पहिल्या रांगेतून हसून मान हलवली.

"एक कमान पाडून नव्याने बांधावी लागेल," शशिधर म्हणाला. "तोवर तेवढ्या जागी माणसांसाठी लाकडी साकव टाका. उरलेल्या पुलाला डागडुजी पुरे. कालच्या अहवालात मी वेगळं लिहिलं होतं. ते खोटं होतं, आणि लिहिताना मला ते ठाऊक होतं."

कोणी त्याला दूषण दिले नाही, शाबासकीही दिली नाही. तात्यांनी नव्या अहवालावर सही केली.

कमान बांधून झाली त्या दिवशी शशिधरने आपण होऊन तिच्याखाली फडके अंथरले. दोघे जेवत असताना वरून मावशीने हाक मारली, "दादा, नात बघा माझी!" तात्यांनी हात वर करून आशीर्वाद दिला. शशिधरला मात्र मान वर करायला अंमळ वेळ लागला.

आपणही रोज काही ना काही सही करून लोकांच्या डोक्यावर उभे करत असतो. त्याच्याखाली बसून आपल्याला घास गिळता येतो का, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.