परत आणि पार

एकदा एक धान्याचा व्यापारी आपल्या कन्येला परत न्यायला निघाला. ती तीन वर्षे एका वृद्ध आचार्यांच्या पाठशाळेत राहून व्याकरण शिकत होती. अध्ययन पूर्ण झाले होते. पुढे जुनी हस्तलिखिते वाचण्याची विद्या शिकावी, म्हणून तिने दूरच्या एका नगरीतील विद्यापीठाकडे अर्ज केला होता. त्याचे उत्तर आलेच नाही, अशी तिची समजूत होती.

उत्तर आले होते. ते घरच्या पत्त्यावर आले होते आणि गेले पंधरा दिवस व्यापाऱ्याच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होते. प्रवेश मंजूर होता. उपस्थित होण्याची अंतिम तिथी परवाची होती. व्यापारी दुष्ट नव्हता. मुलगी एवढ्या दूर, अनोळखी माणसांत एकटी राहणार, या कल्पनेनेच त्याचा घास घशाखाली उतरत नसे.

पाठशाळा एका विस्तीर्ण तळ्याच्या काठी होती. तळ्याला लागून डांबरी रस्ता होता आणि रस्त्यापलीकडे उघडा माळ. व्यापाऱ्याची गाडी तेथे पोचली, तेव्हा रस्त्याच्या मध्यभागी एक कासव दिसले. मागून मालमोटारी येत होत्या. व्यापारी चटकन उतरला, कासव दोन्ही हातांनी उचलले आणि तळ्याच्या काठावर नेऊन सोडले. नेताना कासवाने त्याच्या शुभ्र धोतरावर भरपूर पाणी सोडले. तरीही प्रसन्न मनाने तो पाठशाळेत शिरला.

“आचार्य, आत्ता एका जिवाला परत घरी पोचवून आलो,” तो म्हणाला. “त्याने आभारही मानले. हे बघा धोतर!”

कन्या हसली. आचार्य हसले नाहीत. जेवणात मीठ कमी पडले तरी त्यांना चाले. शब्द चुकीच्या जागी पडलेला चालत नसे.

“परत?” त्यांनी विचारले. “उचललेत तेव्हा त्याचे तोंड कुठे होते?”

“तोंड? कवचात!”

“त्यापूर्वी.”

“माळाकडे असावे. का हो?”

उत्तराची वाट न पाहता व्यापाऱ्याने मुलीची पेटी उचलली. “चल पोरी. उत्तर यायचे असते तर एव्हाना आले असते. आपल्या घरी काय कमी आहे तुला?” तिने मान खाली घालून पुस्तकांचे गाठोडे घेतले. निरोप देण्यासाठी आचार्यही त्यांच्याबरोबर बाहेर आले.

कासव पुन्हा रस्त्यावर होते. तीच जागा आणि तोंड पुन्हा माळाकडे. वळणावरून एक मालमोटार भरधाव येत होती.

कन्येने गाठोडे टाकले आणि ओढणी फडकावत ती वळणाकडे धावली. चाकांचा कर्कश आवाज झाला. मालमोटार तिच्यापासून दहा हातांवर थांबली.

“मरायचंय का, ताई?” चालक खिडकीतून ओरडला.

“मला नाही. त्यालाही नाही,” ती धापा टाकत म्हणाली.

व्यापाऱ्याने कासव उचलले. “हट्टी आहे मोठे! या वेळी पार तळ्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडतो. मग बघू कसे येते ते.”

“द्या इकडे,” आचार्य म्हणाले. त्यांनी कवचाच्या दोन्ही कडा हलकेच धरल्या आणि भूमीपासून वीतभर उंचीवरूनच, वाकून वाकून, ते रस्ता ओलांडू लागले. पलीकडे जाऊन कोरड्या, भेगाळलेल्या मातीत त्यांनी कासव ठेवले. तळ्याकडे त्याची पाठ होती.

व्यापारी संतापला. “अहो आचार्य, पाण्यातला जीव दगडमातीत टाकता? एवढे मोठे तळे दिसत नाही का तुम्हाला?”

“आजोबा, पाणी हिकडं हाय!” चालकानेही हात केला.

“गुरुजी,” शिष्या संकोचाने म्हणाली, “मलाही बाबांचेच योग्य वाटते.”

आचार्य एका दगडावर बसले. “तुम्ही आल्यापासून ‘ते, ते’ म्हणता आहात. ते नव्हे, ती. या दिवसांत तळे सोडून माळाची वाट धरते, ती कासवी. तळ्यात ती सुरक्षित आहे, यात शंका नाही. पण तिची अंडी पाण्यात जगत नाहीत. त्यांना मातीची ऊब लागते. म्हणून ती निघाली. भय रस्त्यात होते. तिच्या दिशेत नव्हते. तुम्ही तिला भयापासून वाचवलेत आणि तेवढ्याच प्रेमाने तिच्या कार्यालाही मुकवलेत. वाटेवरच्या जिवाला हात देण्यापूर्वी त्याचे तोंड कुठे आहे ते पाहावे. त्याला परत नेऊ नये, पार न्यावे.”

व्यापाऱ्याने कासवीकडे पाहिले. मग म्हणाला, “म्हणजे ‘परत’ हा शब्दच वाईट म्हणायचा.”

“शब्द वाईट नसतो, त्याची जागा चुकते. दुसऱ्याचे जे आपल्याकडे राहिले, ते अवश्य परत करावे. कठीण माती भिजवून खणता यावी, म्हणून ही पोटात पाणी साठवून आणते. ते पाणी आज तुमच्या धोतरावर सांडले.”

व्यापाऱ्याचा हात नकळत धोतराच्या ओल्या भागाकडे गेला.

माळावर कासवी मागच्या पायांनी माती उकरत होती. वरची धूळ तेवढी उडत होती. खाली भूमी दगडासारखी होती. ती थांबे, थोडी सरके, पुन्हा उकरू लागे.

व्यापारी गाडीकडे गेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. आचार्यांनी खूण केली, तसा तो लांबून वळसा घालून गेला. कासवीच्या पुढे चार पावलांवर त्याने सगळे पाणी सावकाश मातीत जिरवले आणि पाय न वाजवता मागे आला. रस्त्यावर मालमोटारीचे यंत्र बंद करून चालकही खाली उतरला होता. चौघेही निश्चल होते.

कासवीने मान उंचावली. ती ओलाव्यापर्यंत चालत गेली, वळली आणि खणू लागली. या वेळी मातीचा काळा, ओला गोळा वर आला. नंतर दुसरा आला.

“सुटली! माती सुटली!” चालक आनंदाने ओरडला आणि त्याने स्वतःच जीभ चावली.

व्यापाऱ्याने सदऱ्याच्या आत हात घातला. शरीराच्या उष्णतेने मऊ पडलेला लिफाफा त्याने मुलीपुढे धरला. “पोरी, तुझंही पाणी माझ्याकडे राहिलं होतं.”

तिने पत्र वाचले. दोनदा वाचले. “हे कधी आले, बाबा?”

“पंधरा दिवस झाले.”

“मी रोज घरून येणाऱ्या टपालाची वाट पाहत होते.”

“ठाऊक आहे मला.” तो म्हणाला. “मघाशी मोटारीसमोर धावलीस, तेव्हा वाटलं, हिला घरात कोंडूनच ठेवावं. पण माझ्याकडे पाठ करून धावत होतीस आणि जराही डगमगली नाहीस, तेही मीच पाहिलं. बस गाडीत.”

“कुठे जायचे?”

“परवाची तिथी आहे ना? पार नेतो तुला.”

तिने वडिलांकडे बराच वेळ पाहिले. मग पेटी उचलायला दोघे एकदमच वाकले. तिने आचार्यांना वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, “पोचल्यावर पत्र लिही. ऱ्हस्व-दीर्घ तपासून.”

पुढे कित्येक महिन्यांनी, तळे काठोकाठ भरलेले असताना, एका सकाळी पाठशाळेसमोर मोठा कोलाहल झाला. आचार्य दाराशी आले. मुलीने पहिले हस्तलिखित कोणाच्याही साहाय्यावाचून वाचले, ही वार्ता द्यायला आलेला व्यापारी रस्त्याच्या मध्यभागी हात पसरून उभा होता. दोन्ही बाजूंना वाहनांची रांग लागली होती. त्याच्या पायांजवळून, रुपयाएवढी दहा-बारा पिले माळाकडून तळ्याकडे निघाली होती.

“अहो शेठ,” एका जीपमधून कोणी ओरडले, “रस्ता तुमच्या तीर्थरूपांचा आहे का?”

“आज यांचा आहे!” व्यापारी गरजला.

लोक उतरले, पाहू लागले, हसू लागले. जीपवाल्यालाही दया आली. त्याने एक पिलू तळहातावर घेतले आणि ते चिरडले जाऊ नये, म्हणून माळाच्या दिशेने वळला.

“परत नाही!” व्यापाऱ्याचा आवाज तळ्याच्या पलीकडच्या काठापर्यंत गेला. “पार! पार!”

जीपवाला दचकून थांबला, उलट वळला आणि पिलू पाण्याच्या कडेशी अलगद ठेवून आला. शेवटचे पिलू तळ्यात उतरेपर्यंत एकानेही भोंगा वाजवला नाही.

दाराशी उभे असलेले आचार्य स्वतःशीच म्हणाले, “आता शब्द जागेवर पडला.”