हिंदुरावचा डावा पाय

क्लचप्लेटची गोष्ट कुणी सांगायची असते का? पण लोकांना चैन पडत नाही, सांगा सांगा म्हणून डोकं खातात. मग ऐका, आणि मध्ये तोंड घालू नका. पुन्हा सांगणार नाही.

“...आणि प्लेट डुप्लिकेट नव्हती, हे कशावरनं, चाचा?”

हिंदुराव शेलार जीपमधून उतरायच्या आधीच बोलायला लागला होता.

मीरासाहेब मिस्त्री गॅरेजच्या दारात पोत्यावर बसले होते. घाटाच्या पायथ्याचं गॅरेज. त्यात मिस्त्रींचं आयुष्य गेलं. गुडघे गेले, एक कान गेला, आणि उरलेलं सगळं वडापच्या, म्हणजे घाटात पाशिंजर वाहणाऱ्या जीपवाल्यांच्या बडबडीत गेलं. हिंदुरावला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं होतं. आता त्याचा त्यांना फार आनंद होता असं नाही.

“काय झालं?”

“घाटात उभी ऱ्हायली. इंजिन बोंबलतंय, गाडी हलंना. नुसता करपट वास. पाशिंजर उतरून चालत वर गेली. मला शिव्या घालत गेली.”

“मग हितं कशी आणलीस?”

“उतारानं.”

“म्हंजे गाडीला अक्कल हाय.”

हिंदुरावला ते लागलं. तो बोनेटवर हात ठेवून उभा राहिला.

“चाचा, मागची प्लेट, आमी दोघं आळीपाळीनं चालवायचो तवा, सोपाननं जाळली. म्हणून त्याला ड्रायव्हरकीवरनं काढला. नवी प्लेट तुम्ही घातली. तवापास्नं ह्या गाडीला माज्याशिवाय दुसऱ्याचा हात न्हाई. तरी गेली. मग प्लेटच खोटी असणार. दुसरं काय?”

मिस्त्रींनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

हिंदुराव सोपानला नुसतं काढून थांबला नव्हता. स्टँडवर चारचौघांत त्यानं सांगितलं होतं, सोपान मदने म्हणजे क्लच जाळणारा माणूस. त्या दिवसापासून सोपानच्या हातात कुणी किल्ली दिली नाही. पोरगं उसाच्या फडावर मोळ्या वाहत होतं. आता दुधाच्या टेम्पोचा मालक जोतिराम त्याला ठेवायचं म्हणत होता, पण आधी मिस्त्रींना विचारून. आजच संध्याकाळी तो येणार होता. मिस्त्री म्हणतील तसं. नाक्यावर सगळ्यांना हे माहीत होतं, हिंदुरावलाही.

“जोतिराम आला की त्याला खरं ते सांगा,” हिंदुराव म्हणाला.

“काय खरं?”

“सोपानचा पाय वाईट हाय.”

मिस्त्रींनी सुपारी थुंकली. उठायचा कंटाळा आला होता, तरी उठले.

“बस गाडीत. चाकाला दगड लावतो. हँडब्रेक ओढ. आता चालू कर. वरचा गेर टाक... आता क्लच सोड. हळू.”

हिंदुरावनं क्लच सोडला. पूर्ण सोडला. जीप जागची हलली नाही आणि इंजिन घुं घुं करत चालूच राहिलं.

“बगा! पडलं का बंद? इंजिन कसं टणटणीत हाय!”

“बंद पडायला पायजे हुतं.”

“आं?”

“चाकं बांधल्यात. क्लच धरत असता तर इंजिन तिथंच मेलं असतं. चालू ऱ्हायलं म्हंजे गेलं. बंद कर आता, वास मारतोय.”

हिंदुरावनं किल्ली फिरवली. मिस्त्री कण्हत खाली बसले, उघड्या दारातून हात आत घातला आणि क्लचच्या पेडलवर तळवा ठेवला. वर हाताची पाठ.

“काय बगताय?”

“पेडलला ढिलाई किती ऱ्हायली ते बगतोय. वेळ लागंल. तंवर तू बोल. घाट कसा चढतोस ते सांग.”

घाटाचं नाव काढलं, हिंदुरावला तेवढंच पाहिजे होतं.

“घाट? डोळं झाकून! बाकीची पहिल्या गेरात रडत चढत्यात. मी दुसऱ्यात. स्टेरिंग असं घ्यायचं... असं. म्हसोबाच्या वळणाला समोरनं ट्रक आला तरी मी दबत न्हाई. सोपान दबायचा. सारखा पाय पेडलवर. जरा वळण आलं की पाय पेडलवर! घासणारच की प्लेट. मी त्याला शंभरदा सांगितलं, अरे बाबा, गेर बदलायचा तेवढा दाब आन् लगेच पाय खाली घे. माजा बगा. माजा पाय कायम खाली...”

हात स्टेरिंगवर फिरत होते. डोळ्यांसमोर घाट होता. आणि डावा पाय कधीच उचलून आला होता, चपलेसकट. येऊन म्हाताऱ्याच्या हातावर बसला होता. दाबत नव्हता. नुसता बसला होता, घरच्यासारखा.

मिस्त्रींनी हात काढला नाही.

“...ह्येला म्हणत्यात डायवर. कळलं का, चाचा? चाचा... ढिलाई सापडली का? हात कुठंय तुमचा?”

“हाय तिथंच हाय.”

हिंदुरावनं खाली पाहिलं.

पाय असा ओढला की गुडघा स्टेरिंगला बसला. लगेच वाकला, मिस्त्रींच्या हाताला बोटं लावली, कपाळाला लावली, पुन्हा लावली. माणसाला पाय लागला की वाकायचं, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. आईच्या कडेवरून उतरला तेव्हापासूनचं होतं ते.

“चुकलं, चाचा. आईशप्पत, कळलंच न्हाई.”

मिस्त्रींनी हात बाहेर काढून बघितला. पाठीवर चपलेच्या तळाच्या रेघा उमटल्या होत्या.

“कळलं असतं तर प्लेट कशाला गेली असती?”

...

गिअरबॉक्स खाली घ्यायला दोघं लागले. हिंदुराव जीपखाली उताणा पडला, ओझं छातीवर घेतलं. एरवी त्यानं घेतलं नसतं. प्लेट निघाली ती पार रिबिटांच्या खिळ्यांपर्यंत घासलेली. तिला दाबून धरणारी मोठी चकती तापून निळी पडलेली. बेअरिंग हातात फिरवलं तर किरकिरलं. मिस्त्रींनी तिन्ही वस्तू एकेक करून हिंदुरावच्या पोटावर ठेवल्या. डुप्लिकेटचा विषय कुणी काढला नाही.

“रोज सकाळी ह्या गाडीला हार घालतोस न्हवं?” मिस्त्रींनी विचारलं.

“घालतो की.”

“उदबत्ती?”

“लावतो. पाया पडल्याशिवाय किल्लीला हात लावत न्हाई.”

“आनि मग दिवसभर तिच्यावर पाय ठिवून बसतोस.”

जीपखालून हिंदुरावचा हात बाहेर आला, नवी प्लेट मागायला.

“नवीला तेलकट हात लावू नको,” मिस्त्री म्हणाले. “पुसून घे आधी. पँटीला न्हाई रं... कापडानं.”

नवी प्लेट, नवी चकती, नवं बेअरिंग. ऊन उतरलं तेव्हा बोल्ट आवळून झाले. मिस्त्रींची कंबर धरली होती, सरळ होत नव्हती. पुन्हा दगड, पुन्हा हँडब्रेक, पुन्हा वरचा गिअर. हिंदुरावनं क्लच सोडायला घेतला आणि निम्म्यातच जीपला हिसका बसला. इंजिन गप्प.

“मेलं,” मिस्त्री म्हणाले. “आता बरं हाय.”

ते पोत्यावर जाऊन बसले. हिंदुराव जीपमध्येच बसून राहिला. डावा पाय त्यानं उचलून सीटवर मांडीखाली दाबून धरला होता, जसा काही तो पाय पळून जाणार होता.

तेवढ्यात जोतिराम आला. टेम्पोत कॅन वाजत होते.

“चाचा, ते सोपानचं... ठिवू का?”

“ठिव.”

“क्लच?”

“संभाळंल.”

जोतिरामनं जीपकडे बघितलं. मग पुन्हा मिस्त्रींकडे.

“पर ह्ये तर स्टँडवर सांगत हुते, त्यानं...”

हिंदुराव किल्लीशी चाळा करत राहिला. तोंड उघडलं... पुन्हा मिटलं. मिस्त्रींनी वाट बघितली. बराच वेळ बघितली. जोतिराम अवघडून टेम्पोकडे वळला, निघूनही गेला. कॅनचा आवाज वळणापलीकडे गेला.

मिस्त्री हातावरच्या रेघा चोळत होते. वर न बघताच बोलले.

“पाय वर घिऊन बसल्यानं काय हुतंय? वाकायला सोपानच्या दारात जायचा ऱ्हायलाय त्यो, हिंदुराव शेलार.”