दोन राण्या आणि फुलांचा टेम्पो

एका गावात एक हणमंत राहत होता, आणि त्या गावाला दुसऱ्या भोळ्या माणसाची गरजच पडत नव्हती. "दुधाकडे लक्ष ठेवा," असं बायको मालन म्हणाली, की दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत तो दुधावरची नजर हलवायचा नाही. मनानं मात्र सोन्यासारखा. सांगितलेलं कधी विसरायचा नाही, आणि खरा घोटाळा तिथंच होता.

एकदा दोघं मालनच्या माहेरी, डोंगरावरच्या मळ्यात गेली. मळा लहानसाच, पण त्यात सगळं होतं. शेवंती आणि गुलछडी रोज टेम्पोत भरून बाजारात जायची, बांधावर मधमाश्यांच्या पेट्या होत्या, उतारावर लव्हेंडर नावाचं जांभळ्या फुलांचं विलायती झुडूप लावलं होतं. त्या दुपारी मालनच्या धाकट्या बहिणीला, वैजूला, बघायला पाहुणे येणार होते. मुलगा वैजूला आधीच आवडला होता. बिचारीनं सकाळपासून तीनदा वेणी घातली आणि तीनदा सोडली.

मालननं नवऱ्याला बजावलं, "आज स्वतःचं डोकं चालवू नका. आबा सांगतील तेवढंच करा."

"बरं," हणमंत म्हणाला.

आबा म्हणजे सासरे दगडूमामा. त्यांनी जावयाला कौतुकानं मळा दाखवला. शेवंतीपाशी म्हणाले, फुलाची मान कलली की देठ खालून बोटभर तिरका कापायचा आणि बादलीत उभं करायचं, लगेच टवटवीत होतं. लव्हेंडरपाशी म्हणाले, ह्याच्या जुड्या बांधून सावलीत उलट्या टांगायच्या, छान सुकतात. हणमंतानं सगळं डोक्यात पक्कं बसवलं.

घरी येऊन मामा ओसरीवर टेकले आणि त्यांना डुलकी लागली. मान छातीवर कलली. हणमंत धावला. पायांना कात्री लावायला त्याचं मन होईना, म्हणून त्यानं नव्या धोतराची कड बोटभर तिरकी कापली आणि मामांचे दोन्ही पाय गार पाण्याच्या बादलीत सोडले. मामा लगेच टवटवीत झाले. इतके, की बादली लवंडली आणि खाली दाणे टिपणाऱ्या सहा कोंबड्या चिंब भिजल्या.

मामा धोतर बदलून येतात तो सहाच्या सहा कोंबड्या जुडी बांधून छपरीत उलट्या टांगलेल्या.

"अवो पाव्हणं, हे काय?"

"सुकतायत. तुम्हीच सांगितलं होतं, मामा."

मामांनी कपाळाला हात लावला, कोंबड्या सोडवल्या आणि जावयाला घरापासून लांब, मधमाश्यांच्या पेट्यांकडे नेलं. हा माणूस घरात नसलेला बरा, एवढाच त्यांचा हेतू. पण मळ्याचं कौतुक त्यांच्या तोंडात मावेना. माश्या चिडून गुणगुणायला लागल्या की आधी धूर द्यायचा, म्हणाले. आणि एका पेटीत दोन राण्या नांदत नाहीत, एकीला दुसऱ्या पेटीत घालून लांब न्यायची. जवळ ठेवली तर गोंधळ होतो. नव्या पेटीला जाळीचं दार लावायचं, आत साखरपाणी ठेवायचं आणि सवय होईपर्यंत तीन दिवस उघडायचं नाही.

दुपारी पाहुणे आले. मुलाच्या चुलत्यांना चढण लागली होती. ओसरीवर येऊन ते रस्त्याच्या नावानं कुरकुर करायला लागले. हणमंतानं धुराचा डबा आणून थेट त्यांच्या तोंडापुढे धरला. चुलते खोकून खोकून गप्प झाले. मच्छर फार झालेत, म्हणून मामांनी वेळ मारून नेली आणि जावयाला कोपऱ्यात घेऊन दटावलं, "मान्सांला धूर द्यायचा न्हाई. कधीच न्हाई."

हणमंतानं तेही पक्कं लक्षात ठेवलं.

पाहुणे मोठ्या मनाचे होते, त्यांनी हसण्यावारी नेलं. वैजू पोहे घेऊन आली. मुलगा तिच्याकडे बघून हसला. ती खाली बघून हसली. सगळं अगदी जुळत आलं होतं.

मागच्या पडवीत मात्र हणमंताच्या सासूबाई आणि मुलाची आई बोलत बसल्या होत्या. लग्न कुणाच्या दारात करायचं, यावर गाडी अडली. आमच्या दारात, एक म्हणाली. आमच्या, दुसरी म्हणाली. आवाज चढत गेले. हणमंत दारात उभा राहून बघत होता. धूर द्यायचा नव्हता. मग त्याला दुसरी गोष्ट आठवली आणि त्याचा चेहरा उजळला.

इकडे ओसरीवर मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. "आम्हाला मुलगी पसंत आहे," ते म्हणाले. "फक्त आमच्या हिचा एक होकार घेतो, की सुपारी फोडू. जरा हिला बोलवा."

घरभर शोधलं. मुलाची आई कुठंच सापडेना.

"त्यांना फुलं बघायला टेम्पोत चढवलं," हणमंत म्हणाला. "जाळीचं दार लावलं. टेम्पो बाजाराला निघालाच होता. आता दोन राण्यांची भांडणं नाहीत, मामा."

हणमंतानं सगळ्यांना धीर दिला.

"काळजी करू नका. वारा लागतोय, आत साखरपाणी ठेवलंय. आणि सवय होईपर्यंत तीन दिवस दार उघडू नका, असं ड्रायव्हरला मामांच्या नावानं सांगितलंय."

हे ऐकून मुलाचे वडील मटकन खाली बसले आणि त्यांची मान छातीवर कलली.

हणमंत कात्री आणि बादली आणायला पळाला.