टिटवीची बातमी, वानराची हाळी

नदीकाठच्या एका जंगलात, सर्वांत उंच अर्जुनवृक्षाच्या शेंड्यावर एक म्हातारा वानर राहत असे. मुलांनो, त्या जंगलात बातमी म्हणजे वानराची बातमी! त्याच्या बापजाद्यांपासून तसेच चालत आले होते. त्याने हाळी दिली की हरणे चरायची थांबत आणि मोर जागच्या जागी उभे राहत. खाली नदीच्या वाळूत एक टिटवी होती. तीही जे दिसेल ते ओरडून सांगे. पण एकदा ढगाच्या सावलीला घार समजून तिने सशांची उगाच पळापळ करवली होती. तेव्हापासून तिच्याकडे कोणी लक्ष देत नसे. वानर तर हसून म्हणे, "जमिनीवर बसणारीला काय दिसणार, कपाळ!"

एका उन्हाळी दुपारी वानराला डोंगरापलीकडे लाल-करडा लोट उठलेला दिसला. "वणवा! वणवा आला! डोहाकडे पळा!" त्याने हाळी दिली. सारे जंगल पिल्लांसह डोहाकडे धावत सुटले. त्या डोहात मगरी होत्या. पण आगीपुढे मगरीची भीती कोणाला? इतक्यात टिटवी उडत आली. "वणवा नाही हो! मी जाऊन पाहून आले. ती धूळ आहे. खडकाएवढाले प्राणी चालत येताहेत आणि त्यांच्या पायांत त्यांची पिल्लं आहेत!" वानर खेकसला, "खडक कधी चालतात का? उगाच अफवा पसरवू नकोस!" टिटवी शांतपणे वाळूत उतरली. "तुम्ही खुशाल जा. माझी अंडी इथं उघड्यावर आहेत. आग असती, तर मी अशी बसले असते का?"

वानराला तिचे म्हणणे पटू लागले. ती जाऊन पाहून आली होती. आपण मात्र फांदीवरून हललोही नव्हतो. तो भराभर खाली उतरला. नाकाला धुराचा वास येईना. त्याने जमिनीला हात लावला, तर जमीन थरथरत होती! सगळ्यांसमोर आपले हसे होणार, हे त्याला कळत होते. तरी तो पुन्हा शेंड्यावर चढला आणि होते नव्हते ते बळ एकवटून ओरडला, "थांबा! माझी चूक झाली! वणवा नाही! टिटवी सांगते तेच खरं!" सर्वांत पुढचे हरीण डोहाच्या काठावरच थबकले.

मग ते आले. हत्ती! त्या जंगलाने हत्ती कधी पाहिलेच नव्हते. धुळीच्या पडद्यातून एकामागून एक प्रचंड देह उमटत गेले. पायांखाली जमीन थरथरत होती, पण पावलांचा आवाज असा की वाळलेले पानही फारसे कुरकुरू नये. टिटवी अंड्यांवर पंख पसरून उभी राहिली. पुढची हत्तीण थांबली. तिने सोंडेने वाळू हुंगली आणि अलगद वळसा घातला. मागचा सारा कळप तसाच वळसा घालून गेला. कळप दिसेनासा झाल्यावर एका पाडसाने वर पाहून विचारले, "आजोबा, हे कोण होते?" वानर अजून त्या वाटेकडेच पाहत होता. तो हळूच म्हणाला, "मला ठाऊक नाही, बाळा. ह्या टिटवीला विचार. हिनं त्यांना जवळून पाहिलंय."

तात्पर्य : उंच जागेमुळे आवाज दूर जातो, पण बातमी खरी ठरते ती जाऊन पाहिल्यामुळे, आणि आपली चूक तितक्याच मोठ्या आवाजात सांगणाराच विश्वासाला पात्र होतो.