पाठमोरे देवदूत

वर बघा. वेदीभोवती सोन्याचा मुलामा दिलेल्या द्राक्षवेली आहेत ना, त्यांच्या मधोमध आठ देवदूत आहेत. पंख आहेत, कुरळे केस आहेत, पायांच्या टाचासुद्धा कोरल्या आहेत. तोंड मात्र एकाचेही दिसत नाही. आठही जण आपल्याकडे पाठ करून उभे. गेल्या महिन्यात पुण्याचे एक गृहस्थ आले होते. ते म्हणाले, "रंगकामाला काढले असतील आणि परत लावताना उलटे लागले असतील." तसे नाही. मी बस्त्याव रुमाव. चाळीस वर्षे या देवळाच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. जुन्या माणसांकडून ऐकले तसे सांगतो. टेका जरा बाकावर.

ही फिरंग्यांच्या अमदानीतली गोष्ट. वसईकडच्या आमच्या या कवडाळी गावात तेव्हा मानुएल नावाचे फादर होते. परदेशचे, पण आमची भाषा अशी शिकले होते की ते रागावले तर बाजारातल्या कोळणीही गप्प बसत, असे सांगतात. त्यांनी गावच्या इनास मेस्त्रीला बोलावले आणि देवळाच्या सणापर्यंत वेदीसाठी सागवानाचे आठ देवदूत करायला सांगितले. वर म्हणाले, "चेहरे आपल्या गावच्या पोरांसारखे असू देत. लोकांना ते आपले वाटले पाहिजेत."

एवढी एकच चूक फादरांच्या हातून झाली, म्हणे.

दुसऱ्याच सकाळी नाताल डाबरे ही बाई सुकेळ्यांचा पुडा आणि कडेवर आपला मिंगेल घेऊन मेस्त्रीच्या अंगणात हजर. "मेस्त्री, याचे गाल बघा. असा देवदूत रोममध्येही मिळायचा नाही!"

इनास मेस्त्रीच्या हातात कला होती, पण जिभेवर 'नाही' हा शब्द नव्हता. तो म्हणाला, "बघू." आता आमच्या गावात 'बघू' म्हणजे 'हो'. नाताल नाचत घरी गेली. दुपारपर्यंत अंडी आली, सुके बोंबील आले, एक जिवंत कोंबडाही आला; प्रत्येकाबरोबर एक आई आणि एक नाक पुसलेले पोर. मेस्त्री सगळ्यांना 'बघू' म्हणत गेला.

त्याची बायको कोंसू हिने आठवड्याने माळ्यावर पाहिले, तर आलेल्या भेटींमुळे पाय ठेवायला जागा नाही.

"देवदूत किती करायचेत?" तिने विचारले.

"आठ."

"आणि शब्द कितीजणींना दिलात?"

मेस्त्रीने पटाशीला धार लावायला घेतली. "एकतीस."

विहिरीवर ही गोष्ट फुटायला वेळ लागला नाही. मग जे झाले ते विचारू नका. एका घरातल्या दोघी जावांनी चुली वेगळ्या केल्या. रविवारी मिस्साच्या प्रार्थनेला जाताना बायका एकमेकींच्या पोरांची नाके, कान, दात यांवर मोठ्याने बोलू लागल्या. प्रत्येकीने मेस्त्रीच्या दारात येऊन बजावले, "दुसरीचा पोर वर चढला, तर सणाला मी देवळात पाऊल टाकणार नाही." फादरांनी मेस्त्रीला बोलावून सांगितले, "शनिवारपर्यंत देवदूत वर चढले नाहीत, तर गोव्याहून कारागीर आणीन. तू दुसरे गाव बघ."

त्या दिवशी मेस्त्री मारियामातेपुढे गुडघे टेकून बसला. "आई, यातून सोडव. या कामाची मजुरी घेणार नाही, आणि जन्मात पुन्हा कोणाला 'बघू' म्हणणार नाही," असा त्याने नवस केला.

पण चेहरा कोरायचा त्याला धीर होईना. म्हणून त्याने आधी पाठीमागची बाजू घेतली. पंख केले, केस केले, टाचा केल्या. शुक्रवार उजाडला तरी पुढून आठही नुसते लाकडाचे ओंडके. भिंतीकडे तोंड करून त्याने ते ओळीने उभे केले आणि डोक्याला हात लावून बसला.

कोंसू जेवण घेऊन आली ती तिथेच थबकली. चौथ्या देवदूताजवळ गेली आणि त्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाली, "हा आपला जाकू."

जाकू हा त्यांचा एकुलता मुलगा. दोन वर्षांपूर्वी देवीच्या साथीत गेला होता.

मेस्त्री म्हणाला, "अगं, तोंड कुठे केलंय अजून?"

"तोंड काय करायचंय? ह्याच मानेला मी रोज तेल लावायचे."

मेस्त्रीने त्या मानेवरून बोट फिरवले. जाकूला कोरायचे असे काही त्याने मनात धरले नव्हते. मग त्याने पटाश्या पुसून पेटीत ठेवल्या, आणि शनिवारी आठही देवदूत होते तसे, पाठमोरे, वेदीवर चढवले.

फादर आले, शिडीवर चढले, मागे डोकावून पाहिले आणि लालबुंद होऊन उतरले. "देवदूतांनी लोकांना पाठ दाखवायची?"

मेस्त्री हात जोडून म्हणाला, "फादर, मिस्सा करताना तुम्हीही आम्हाला पाठच दाखवता. देवाकडे तोंड केलं की तसंच होणार ना?"

त्या काळी मिस्सा तशीच व्हायची. फादरांनी स्वतःच शिडी उचलून बाजूला नेली आणि देवदूत तसेच राहू दिले, म्हणे.

सणाच्या दिवशी एकतीसही आया आल्या. दुसरीचा पोर वर आहे का, हे बघायलाच आल्या होत्या. सगळ्यांच्या माना वर. मग नाताल ओरडली, "तो तिसरा! मिंगेलचेच खांदे!" मागून दुसरी म्हणाली, "छे, तो माझा लोरेंस." तिसरी दोघींना हसली, कारण तिला तिचा दिसला होता. शेवटी नातालने फादरांनाच विचारले, "तुम्ही समोरून पाहिलंय. खरं सांगा, कोणाचा चेहरा आहे त्याला?"

फादरांनी नुसते लाकूड पाहिले होते. त्यांची नजर कोंसूवर गेली. ती पहिल्या बाकावर बसून चौथ्या देवदूताकडे बघत होती. तिला कोणाला काही विचारायचे नव्हते.

फादर म्हणाले, "आईला जो दिसतो, त्याचाच."

आजही आमच्या गावात बाप्तिस्मा झाला की आई बाळाला घेऊन इथे उभी राहते आणि आपला देवदूत निवडते. एकाच देवदूतावर चार जणी हक्क सांगतात, तावातावाने भांडतात, आणि भांडून झाले की चौघी मिळून जेवायला जातात. पहिला बाक मात्र त्या दिवशीही, सणालाही, आम्ही मोकळा ठेवतो. ज्यांचे मूल गेले आहे, त्या बाया तिथे बसतात. त्या ज्याच्याकडे बोट दाखवतील, त्या देवदूतावर मग दुसरी कोणी हक्क सांगत नाही.