पांढरी धग

किती वर्षं लोटली कोण जाणे, एका डोंगराळ राज्यात मोठा तलाव होता आणि तलावाच्या बांधाखाली एक गाव होतं. त्या गावात एक म्हातारी लोहारीण राहत होती.

एका वर्षी आठ दिवस पाऊस थांबलाच नाही. तलाव काठोकाठ भरला, बांधाला भेग पडली. जास्तीचं पाणी सोडण्यासाठी माणसं बांधातला लोखंडी दरवाजा साखळीने उचलू लागली, तर साखळीची कडीच तुटली. राजाचा कारभारी साखळी घेऊन लोहारणीच्या दारात आला.

तिने साखळीत नवी कडी ओवली आणि कडीची टोकं भट्टीत धरली. तिची जाऊ भाता ओढू लागली. लोखंड काळपट तांबडं झालं, मग लालबुंद दिसू लागलं.

कारभाऱ्याने घण मारायला सांगितलं. टोकं अजून एकजीव होणार नाहीत, असं ती म्हणाली. पण त्याने राजाज्ञा बजावली. ती घाबरली. तिची लेक, नातवंडं त्याच गावात होती. तिने घण घातला. कडी वरवर जुळलेली दिसली.

दरवाजा वीतभर वर आला आणि कडी उकलली. दरवाजा धाडकन कोसळला. एका गड्याचा हात त्याखाली चेंगरला. भेग आणखी रुंदावली.

साखळी परत भट्टीवर आली. टोकं पुन्हा लाल झाली. कारभाऱ्याने तलवार उपसली.

"मार घण."

"नाही मारणार," लोहारीण म्हणाली. "लाल पाहून तुम्हाला वाटतं, याहून काय तापायचं? पण लोखंड यापुढे नारिंगी होतं, मग पिवळं, आणि पांढऱ्यावर आलं की त्याची धग सगळ्यांत जास्त. तेव्हाच ते जुळतं."

बाहेर माणसं गुरं सोडून टेकडीकडे पळत होती. कारभाऱ्याने तलवार खाली घेतली. उशीर झाला असता तर लोखंडच जळून गेलं असतं, म्हणून ती पापणीही न लवता पाहत राहिली. नारिंगी रंग गेला. पिवळा आला. पिवळा फिका पडत पांढरा झाला, पहिली ठिणगी उडाली, आणि तिने घण हाणला.

या वेळी कडी टिकली. दरवाजा पुरता उचलला गेला, पाणी गर्जत नदीकडे निघालं. बांध वाचला, गाव वाचलं. त्या गड्याचा हात मात्र कायमचा अधू झाला, आणि कारभाऱ्याला त्याच्या नजरेला नजर देणं पुन्हा कधी जमलं नाही.

तात्पर्य: संकट कितीही जवळ आलं, तरी कामाला लागणारा वेळ द्यावाच लागतो, आणि तो किती, हे जाणत्याला ठरवू द्यावं.